भातबंदीतला मार्गशीर्ष

डिसेंबर लागला की भांडुपच्या बाजारात वाण्यांच्या दुकानांबाहेर गोणपाटाच्या तोंडाशी डिंक चमकायला लागतो. शेजारी खारीक, अळीव, मेथ्या, सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांची रास. मुंबईची थंडी आधी अशी बाजारात येते. अंगाला लागायला आणखी पंधरा दिवस तरी जातात, आणि लागली तरी सकाळी सात ते साडेआठ. पण तेवढ्या दीड तासाच्या जोरावर आम्ही स्वेटर बाहेर काढतो, कानांना मफलर गुंडाळतो, 'यंदा गारठा आहे हो' असं एकमेकांना बजावतो आणि डिंकाचे लाडू खातो. आम्हाला थंडी निमित्तापुरती लागते.

परवा मी डिंक तळायला घेतला. पहिली चिमूट तुपात फुलून वर येते न येते तोच नात स्वयंपाकघराच्या दारात हजर. केतकी, माझ्या मुलीची मुलगी, वीस वर्षांची. राहते बोरिवलीला, पण काम शिकायला मुलुंडच्या एका ऑफिसात जाते, म्हणून आठवड्यातून दोनदा आजीकडे जेवायला उतरते. एका हातात फोन, दुसरा हात खोबऱ्याच्या ताटात.

"आजी, एक सांग ना. लो-कार्ब करू की लो-कॅलरी?"

"कशासाठी?"

"वजनासाठी गं. मी सहा किलो जास्त आहे."

"कोणापेक्षा?"

तिने फोनकडे पाहिलं. "चार्टपेक्षा."

"तुझ्या आईला विचार की."

"विचारलं. आई म्हणाली, आजीला विचार, तिने दोन्ही केलंय. आणि मग हसतच सुटली. का हसली ती?"

का हसली ते मला पक्कं ठाऊक होतं. मी गॅस बारीक केला. वीस-एकवीस वर्षं झाली, पण तुपाचा वास नाकात गेला की मार्गशीर्ष महिन्यातली ती बाई अजून माझ्यासमोर उभी राहते. कमरेवर हात, तोंडात लाडू, आणि चेहऱ्यावर 'मी डाएटवर आहे' असा करारी भाव.

ती बाई म्हणजे मीच. वय बावन्न, वजन ब्याऐंशी, आणि स्वतःचं वर्णन 'जरा भरलेली'. फोटो काढायची वेळ आली की मी आपसूक कुणाच्या तरी खुर्चीमागे जाऊन उभी राहायची. घरातला एकमेव आरसा कपाटाच्या दाराला होता आणि त्याचा खालचा अर्धा भाग मी साड्यांच्या पिशव्यांनी झाकून ठेवला होता, तेही जागा नाही या सबबीवर. आमचं तेव्हाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चौपन्न पायऱ्या. पहिल्या मजल्यावर मी पर्समध्ये चावी शोधायची, दुसऱ्यावर शेजारणीच्या कुंडीतल्या तुळशीची चौकशी करायची. माणसाला धाप लागलीय हे लपवायला किती विषयांची माहिती ठेवावी लागते!

आणि त्याच वर्षी आमच्या वर्षाला, म्हणजे केतकीच्या आईला, दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा नेम. माझ्या आईने माझं केलं, तिच्या आईने तिचं केलं. जानेवारीत ती बाळंत होणार, तर नाताळच्या सुट्टीत ती भांडुपला येणार, मी तिला खाऊ घालणार, बाळाला न्हाऊ घालणार, सव्वा महिना खोलीत ओव्याची धुरी दरवळणार, असं सगळं चित्र मी मनात रंगवून ठेवलं होतं. चित्रात मी पंचावन्न किलोंची होते.

मग दिवाळीत गुडघा सुजला. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यापुढे धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वजन उतरवा. तोवर तीन मजले चढताना हातात काही घेऊ नका. तोल गेला तर?" हे नको ते वाक्य आमच्या ह्यांनी भाबडेपणाने वर्षाला सांगितलं, वर्षाने तिच्या सासूबाईंना सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी बोरिवलीहून विहीणबाईंचा फोन.

"विहीणबाई, तुम्ही अजिबात मनाला लावून घेऊ नका. तुमचे गुडघे सांभाळा. आमच्याकडे लिफ्ट आहे. बाळंतपण इथेच करू."

किती समजूतदार बोलणं. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. सुलभाताई, म्हणजे ह्या विहीणबाई, अंगाने काडी. जेवणानंतर बडीशेपसुद्धा मोजून चार दाणे घ्यायच्या. त्यांच्या लिफ्टमध्ये माझी मुलगी बाळंत होणार की काय, असं मी ह्यांना म्हणाले. ते म्हणाले, लिफ्टमध्ये नाय गो, हॉस्पिटलात.

शेवटी वर्षानेच तोड काढली. "आई, मला तुझ्याकडेच यायचंय. पण बाळ हातात घेऊन तू जिन्यात पडलीस, तर मी कुणाला उचलू? नाताळपर्यंत पंच्याहत्तर कर. पंच्याहत्तर झालं की बॅग भरून आलेच."

सात आठवडे, सात किलो. मला वाटलं, हे तर जमलंच. आजवर मी एवढं वाढवलं होतं, कमी करणं त्याच्या उलट असणार, एवढंच.

"मग? कुठलं केलंस?" केतकी खोबरं खात म्हणाली.

"थांब. आधी गुरू किती होते ते ऐक."

पहिली गुरू माझी धाकटी जाऊ नलिनी, दहिसरची. तिने वर्षभरात नऊ किलो उतरवले होते आणि ते ती हातात धरून फिरवावेत तशी सगळ्यांना सांगत फिरायची. तेव्हा आमच्यात लो-कार्ब वगैरे शब्द नव्हते. 'भात बंद' म्हणायचे. "वहिनी, भात बंद, पोळी बंद, बटाटा बंद, साखर बंद. बाकी काय वाट्टेल ते खा. मासे खा, अंडी खा, तूप खा. पोटभर. फक्त पिष्ट नको." दुसरी गुरू मुलुंडची, आहाराचा सल्ला देणारी एक चुणचुणीत मुलगी. तिच्या टेबलावर रबराची पोळी, रबराची इडली आणि रबरी भाताची मूद मांडून ठेवलेली. ती म्हणाली, "काकू, बंद काहीच करायचं नाही. सगळं खा, पण मोजून. भात एक वाटी, पोळ्या दोन, तेल दिवसाला तीन चमचे. पोटात जातं त्यापेक्षा जास्त खर्च झालं की वजन उतरणारच." मी रबरी मुदीकडे बघत होते. तेवढा भात आमच्याकडे पानात वरण वाढायच्या आधी चव बघायला घेतात.

एक म्हणते काही पदार्थ सोड, दुसरी म्हणते सगळ्यातलं थोडं सोड. विचार करून मी नलिनीचं धरलं. कारण त्यात 'पोटभर' हा शब्द होता.

वजन करायला घरात काटा नव्हता. दवाखान्यात गेलं तर नर्स आकडा मोठ्याने वाचते. म्हणून मी आमच्या कोपऱ्यावरच्या वीरजीभाईंच्या दुकानात जायला लागले. त्यांच्याकडे धान्याची पोती तोलायचा काटा होता, जमिनीलगतचा, लोखंडी. दुपारी दीडला दुकान रिकामं असताना मी चप्पल काढून त्यावर उभी राहायची. पहिल्या दिवशी वीरजीभाईंनी आकडा पाहिला, मान डोलावली आणि व्यापारी कौतुकाने म्हणाले, "भाभी, डेढ पोतं से भी ऊपर!"

कार्तिक महिना मात्र झकास गेला, हे मान्य करायला हवं. मी बांगड्याचं तिखलं खाल्लं, सुरमई तळून खाल्ली, कोलंबीचं सुकं खाल्लं, अंडी तर विचारूच नका. वर तूप सोडायला नलिनीची परवानगी होतीच. पण भाताशिवाय कालवण म्हणजे काय प्रकार असतो, तो ज्याने सोसला त्यालाच कळेल. वाटी तोंडाला लावून कालवण पिताना मी आजारी माणसासारखी दिसायची. समोर हे. ते कोकणातले, तीन वेळा भात खाणारे. कुकरचं झाकण उघडलं की उकड्या तांदळाची ती कोंदट, गोडसर वाफ थेट माझ्या अंगावर यायची. ते भाताचा डोंगर करायचे, माथ्यावर खळगा करायचे, खळग्यात कालवण ओतायचे, आणि ते उतारावरून ओघळताना मी बघत राहायची.

"अगो, बघतंस काय अशी? माझ्या पोटात दुखतला."

"जेवा तुम्ही. मला काही नको."

"भात नाय तर जेवाण कसला? तुझो डाएट माकाच मारतलो एक दिवस."

पण काटा उतरला. ब्याऐंशीचे एक्क्याऐंशी, ऐंशी, एकोणऐंशी. वीरजीभाई तेवढे खट्टू. "भाभी, चावल तो लेते नहीं, खाली वजन करने को आते हो." रविवारी मी वर्षाला फोनवर आकडे सांगायची आणि ती फोनवरच टाळ्या वाजवायची. तीन किलो गेले, चार राहिले. मी पाळण्याला रंग द्यायला काढला.

आणि मार्गशीर्ष लागला.

केतकीला यात काय अडचण आहे ते कळेना. या मुलांना महिने फोनवर दिसतात. "अगं, मार्गशीर्षात आपल्याकडे महिनाभर सामिष बंद. मासे नाहीत, अंडी नाहीत. गुरुवारची लक्ष्मी असते."

"मग तू खाल्लंस काय?"

तेच तर. भात, पोळी, बटाटा, साखर नलिनीने बंद केलेली. मासे, अंडी, कोंबडी देवीने बंद केलेली. दोघींच्या मधे जी जागा उरली, तीत एक पडवळ होतं आणि दोन काकड्या. हे काम सुरू करण्याआधी पंचांग बघायला हवं होतं, हे बावन्न वर्षं मार्गशीर्ष पाळलेल्या बाईच्या लक्षात आलं नाही! मी नलिनीला फोन केला. ती म्हणाली, "वहिनी, पनीर खा." मी चार दिवस पनीर खाल्लं. पाचव्या दिवशी ह्यांनी माझ्या ताटाकडे बघून विचारलं, "ह्या खोडरबर किती दिवस खातलंस?" आणि मला रडूच आलं.

मग मी मुलुंडवालीकडे वळले. वाटीभर भात! पहिल्या दिवशी तो वाटीभर भात मी अर्धा तास जेवले. एकेक शीत. पण मन कसं असतं बघा. एका डाएटला लग्नाच्या नवऱ्यासारखं धरून राहिले असते तर निभावले असते. नलिनी भात सोडून बारीक झालीच होती, सुलभाताई मोजून खाऊन काडी राहिल्याच होत्या. दोघींनी आपापला रस्ता सोडला नाही. मी मात्र दोन्ही रस्त्यांवरची फक्त हॉटेलं निवडली. वाटीभर भाताची परवानगी मुलुंडची, त्यावर पळीभर तुपाची परवानगी दहिसरची. शेंगदाण्यात पिष्ट कमी, म्हणून मूठभर दाणे. केळ्यात कॅलरी फार नाहीत, म्हणून केळं. एकीने मना केलं की मी त्या दिवसापुरती दुसरीची शिष्या.

गुरुवार तर पर्वणी. सकाळी आंघोळ करून कलश मांडायचा, विड्याची पानं, पाच फळं, वेणी. दिवसभर कडकडीत उपास. त्या चुणचुणीत मुलीने विचारलं होतं, "काकू, उपासाला काय खाता?" मी अत्यंत सात्त्विक चेहऱ्याने सांगितलं, "काही नाही गं. फक्त साबुदाणा." ती माझ्याकडे बघत राहिली. खिचडी, रताळ्याचा कीस, संध्याकाळी नैवेद्याची पुरणपोळी. नैवेद्य मोजायचा कसा? देवीसमोर वाटी घेऊन बसायचं?

त्यात बाळंतपणाची तयारी. मुलगी येणार म्हणून लाडू वळायला घेतले. डिंक तळला की एक दाणा दाताखाली धरून बघावा लागतो, आतून कच्चा राहिला तर बाळंतिणीला बाधतो. खारकेची पूड तोंडात टाकून बघावी लागते. गुळाचा पाक बघावा लागतो. पहिला लाडू मोडला तर तो कुणी खायचा? दुसरा वाकडा झाला, तो? परातीला चिकटलेलं टाकून द्यायचं का? आमच्या घरात अन्न टाकत नाहीत, आणि न टाकलेलं अन्न जिथे जातं ती जागा म्हणजे मी. पातेल्यातली खरवड मी उभ्याने खायची, आणि उभ्याने खाल्लेलं मी कधीच धरलं नाही. ताटात वाढून घेतलं तरच ते जेवण, अशी माझी समजूत होती. मुलुंडच्या चार्टवर मी रोज प्रामाणिकपणे ताटातलं लिहायची. ते वाचून कुणाला वाटलं असतं, या बाईला कुणीतरी कोंडून ठेवलंय.

काटा परत चढायला लागला. एकोणऐंशीचे ऐंशी, ऐंशीचे एक्क्याऐंशी. वीरजीभाईंना मी म्हणाले, तुमचा काटा बिघडलाय. ते दुखावले. "भाभी, सरकारी शिक्का है इसपे."

आता खरी लाजेची गोष्ट सांगते. रविवारी वर्षाचा फोन आला. "आई, किती?" आणि मी म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर." पुढच्या रविवारी सत्त्याहत्तर. त्याच्या पुढच्या रविवारी शहात्तर. वजन काट्यावर चढत होतं आणि फोनवर उतरत होतं. वर्षा इतकी खूश, की तिने सासूबाईंना सांगून टाकलं, मी आईकडेच जाणार. सुलभाताईंनी मला फोन करून अभिनंदन केलं. मी म्हणाले, "मनावर घेतलं की होतं हो."

"आजी!" केतकी पुरती हादरली. "तू खोटं बोललीस?"

"आधी ऐक."

मला आपली खात्री, की आकडा काही असला तरी मी बाळाला घेऊन चढेन. आई आहे मी तिची. आपल्या मनाला असं ठणकावून सांगितलं की गुडघे ऐकतात, असं मला वाटायचं. तरी एक दिवस, वर्षा यायच्या चार दिवस आधी, म्हटलं, तालीम करून बघू. दुपारी तीनची वेळ, बिल्डिंग झोपलेली. घरात तांदूळ भरपूर पडून होता. मी तीन किलो तांदूळ कापडी पिशवीत बांधला, पिशवी जुन्या मऊ साडीच्या तुकड्यात गुंडाळली, वर टोपडंसुद्धा घातलं. नातवंडासाठी शिवलेलं, पिवळं. असं ते बाळ खांद्याशी धरून मी खाली गेले आणि चढायला लागले.

पहिला मजला गाणं गुणगुणत. चावी शोधली नाही, तुळशीची चौकशी केली नाही. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, एक पाय वरच्या पायरीवर असताना, गुडघा अडकला. अडकला म्हणजे कुलूप लागल्यासारखा. मी मागे झुकले, आणि माझे हात कठड्याकडे गेले. दोन्ही. विचारलं नाही, सांगितलं नाही, आपोआप गेले.

तांदूळ पायरीवर आपटला, गाठ सुटली, आणि सरसर आवाज करत पायऱ्यांवरून खाली गेला. एका पायरीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. पिवळं टोपडं माझ्या पायाशी पडलं होतं.

मी तिथेच बसले. दुसऱ्या पाळीला निघालेले हे वरून खाली आले, तर बायको जिन्यात बसून हमसून हमसून रडतेय आणि खालपर्यंत तांदूळ. ते आधी घाबरले, मग शेजारी बसले.

"तांदूळ सांडले, तू नाय सांडलंस. रडतंस कित्याक?"

मी त्यांना टोपडं दाखवलं. ते पाळीला गेले नाहीत त्या दिवशी. आम्ही दोघांनी मिळून जिना झाडला. तो तांदूळ निवडून, धुऊन, शिजवून खाल्ला हेही सांगते, कारण अन्न टाकत नाहीत, आणि त्या भाताला वाटी लावायचं मला सुचलं नाही.

संध्याकाळी वर्षाला फोन केला. "वर्षा, शहात्तर नाही गं. एक्क्याऐंशी." आणि तांदळाचं सगळं सांगितलं, टोपड्यासकट.

मला वाटलं, आता बोलणार मला, आणि बोलायलाच हवं. ती एवढंच म्हणाली, "मला तुझ्याकडेच यायचं होतं गं आई." आणि तिचा आवाज बाळ होणाऱ्या मुलीचा राहिला नाही, पहिलीत शाळेच्या फाटकाशी माझा पदर न सोडणाऱ्या मुलीचा झाला. त्या एका वाक्यापुढे ब्याऐंशी किलोंची बाई चिमूटभर झाली. तसं वजन कुठल्याही डाएटने उतरत नाही, आणि तसं उतरूही नये.

मग फोन सुलभाताईंनी घेतला. "विहीणबाई, तिला तुम्ही हव्या आहात. जिना नकोय. तर तुम्हीच इकडे या. सव्वा महिना."

मुलीच्या सासरी जाऊन राहायचं? आमच्याकडे आया मुलीच्या घरी चहासुद्धा अर्धा कप घेतात. मी ह्यांना म्हणाले, लोक काय म्हणतील? ते डबा घासत होते. "काय म्हणतले? म्हणतले, हिका लिफ्ट आवडली."

तर गेले. लाडवांचे तीन डबे घेऊन गेले. वर्षाच्या डॉक्टरांनी तिला सांगितलेलं, तूप बेताने, तेव्हा ती दिवसाला अर्धा लाडू खायची. उरलेल्यांचं काय झालं ते तुला सांगायला नकोच. पण एकटी मी नव्हे गं. दुपारी सगळे पडलेले असताना मी पाण्याला उठले, तर स्वयंपाकघरात सुलभाताई, बडीशेप मोजणाऱ्या, डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभ्या. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. त्यांनी मला एक लाडू दिला. त्या दिवसापासून आमचं फार चांगलं जमतं.

केतकी आता ओट्यावर चढून बसली होती. गरम डिंक ती फुंकून फुंकून खात होती आणि सहा किलो तात्पुरते विसरली होती. "आणि मी? मी कधी येते यात?"

तू जानेवारीत आलीस, रडतच आलीस. पाच दिवसांनी घरी आणलं. न्हाऊ घालायला एक बाई ठरवली होती, ती नेमकी गावाला गेली. सुलभाताई म्हणाल्या, मी घालते. त्या मोरीत पाटावर बसल्या, पाय लांब केले आणि तुला नडग्यांवर घेतलं. त्यांच्या नडग्या म्हणजे दोन वेत. तू इकडून घसरतेयस, तिकडून घसरतेयस, पाठीला हाड टोचतंय, आणि तू अशी किंचाळतेयस की खालच्या मजल्यावरून माणूस विचारायला आलं. वर्षा दाराशी उभी, डोळ्यांत पाणी. सुलभाताई घामाघूम.

मी म्हणाले, "द्या इकडे."

मला पाटावर बसवायला दोन माणसं लागली. एका बाजूने जावई, दुसऱ्या बाजूने सुलभाताई, हळूहळू, गोदीत माल उतरवतात तसं. पण एकदा बसले आणि पाय पसरले की गुडघा वाकायचा प्रश्न नाही, जिना नाही, तोल जायचं कारण नाही. तुला माझ्या पायांवर ठेवलं. तू बरोबर मधल्या खळग्यात बसलीस. चहूबाजूंनी मऊ. साय आणि डाळीचं पीठ लावलेलं बोट तुझ्या पाठीवरून फिरवलं, कोमट पाण्याचा तांब्या हळूच सोडला. तू एक हुंदका दिलास, एक आळस दिलास, आणि पाणी अंगावर पडत असताना चक्क झोपलीस.

मोरीत वाफ आणि ओव्याचा धूर. वर्षाने दाराला डोकं टेकलं होतं. ती माझ्याकडे यायची होती ती आलीच होती, फक्त पत्ता बोरिवलीचा होता.

सुलभाताईंनी एकदा माझ्या पायांकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या नडग्यांकडे पाहिलं, आणि माझ्या कानाशी येऊन, बाळ उठू नये अशा बेताने, अगदी काकुळतीने म्हणाल्या, "विहीणबाई, एक ऐकाल का? निदान सव्वा महिना तरी हे असंच राहू द्या. एक किलोसुद्धा उतरवू नका."

उभ्या आयुष्यात एवढा एकच आहाराचा सल्ला मी तंतोतंत पाळला.